वर्देबाईंचं अर्धं वाक्य

वर्देबाईंनी दार थोडंसंच उघडलं आणि मी पुण्याच्या संस्थेतून आले आहे एवढं ऐकून, नाव सांगायच्या आत विचारलं, "केळुसकर गेले ना?"

"हो. बरीच वर्षं झाली," मी म्हणाले.

"मग ये आत."

सांगलीच्या गावभागात एका शिंप्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून शिलाई मशिनचा आवाज येत होता. बाई सत्तरी ओलांडलेल्या, किडकिडीत, केस आखूड कापलेले. खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून त्यांनी मला जागा केली आणि मी काय मागायला आले आहे ते ऐकायला समोर बसल्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संगणक संस्थेत जनसंपर्क अधिकारी होते. नाव भारी, पण काम म्हणजे पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणं आणि वर्तमानपत्रांना बातम्या पाठवणं. संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला होता. डॉ. मोरेश्वर केळुसकरांनी ती संस्था काढली होती. त्यांचा अर्धपुतळा आमच्या दारातच होता आणि आत येणारा प्रत्येक जण त्याला वळसा घालून यायचा. त्यांचे शिष्य डॉ. टिळेकर आता संचालक होते. महोत्सवाला केंद्रातून एक मंत्री येणार होते आणि त्यांच्या कार्यालयातून विचारणा झाली होती की सत्कारमूर्तींत एकही बाई कशी नाही. तेव्हा टिळेकरांना नलिनी वर्दे आठवल्या.

त्यांचं नाव मी त्याआधी ऐकलंही नव्हतं. जुनी कागदपत्रं चाळली तेव्हा कळलं की साठच्या दशकात संस्थेत पहिलं संगणक यंत्र आलं, सबंध दालन व्यापणारं, तेव्हा त्याच्यावर पहिला प्रोग्रॅम चालवला तो वर्देबाईंनी. गणितात एम.एस्सी. झालेली मुलगी. यंत्रासोबत आलेली जाडजूड पुस्तकं एकटीनं वाचून ती शिकली आणि मग इतरांना शिकवलं. पुराच्या पाण्याची गणितं, विद्यापीठाचे निकाल, सगळं तिनं त्या यंत्रावर आणलं. ज्या मुलींना इंग्रजी अडायचं त्यांच्यासाठी तिनं मराठीत टिपणं काढली. ती टिपणं आमच्याकडे अजून वाटली जात होती, झेरॉक्सची झेरॉक्स काढून. त्यांवर नाव केळुसकरांचं होतं.

हे सगळं मी बाईंना सांगत होते, जणू त्यांना ते माहीतच नव्हतं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, सत्काराची हौस नाही, पण तुमच्या चित्रफितीत मला बोलू देणार असाल तर येईन.

चित्रफीत होतीच. संस्थेच्या पन्नास वर्षांवर अर्ध्या तासाची. तिचा मुख्य भाग होता तो किरणोपचारांचा प्रोग्रॅम. आमच्या प्रत्येक माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असायचा. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांना शेक द्यायचं यंत्र होतं. कुणाला किती वेळ शेक द्यायचा ते डॉक्टर हातानं काढायचे, त्यात दिवस जायचे. ते गणित संस्थेच्या संगणकानं करून दिलं. असं करणारी आमची संस्था देशात पहिलीच, असं टिळेकर सांगायचे. पुढे एक वाक्य ठरलेलं असायचं: हा प्रोग्रॅम एकदाही चुकला नाही.

"त्याबद्दलच बोलायचं आहे," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी कॅमेरावाल्याला घेऊन पुन्हा गेले. बाईंनी सुती साडी नेसली होती, इस्त्रीची. शिंप्याला सांगून त्यांनी खालची मशिनं बंद ठेवली होती. कॅमेरा सुरू झाल्यावर त्या सावकाश, वर्गात शिकवावं तशा बोलल्या.

तो प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. प्रत्येक रुग्णाचं गणित यंत्र दोनदा करायचं, दोन वेगळ्या रीतींनी, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच छापायचं. त्याला वेळ लागायचा. मग एक मोठे पाहुणे प्रात्यक्षिक बघायला येणार होते. त्यांच्यासमोर यंत्र झटपट चाललं पाहिजे म्हणून केळुसकरांनी बाई रजेवर असताना ती पडताळणी काढून टाकली आणि काही ओळी स्वतः बदलल्या. ज्या रुग्णांना पुढून आणि मागून असा दोन बाजूंनी शेक द्यायचा, त्यांची मात्रा निम्मी निम्मी वाटायची असते. त्यातल्या एका प्रकारात निम्मं करायचं राहून गेलं. प्रात्यक्षिक छान झालं. फोटो आले. आणि त्या प्रकारात बसणाऱ्या रुग्णांना दोन्ही बाजूंनी पूर्ण मात्रा जायला लागली.

"डॉक्टरांना कळलं नाही?" मी कॅमेऱ्यामागून विचारलं.

"यंत्रानं छापलेला कागद होता. त्याला कोण विचारणार? एका तरुण डॉक्टरला शंका आली, तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी तिथल्या तिथे यंत्र थांबवलं."

केळुसकरांनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं की दुरुस्ती करून टाका आणि विषय संपवा. बाई म्हणाल्या, रुग्णांना सांगायला हवं. केळुसकर म्हणाले, ते रुग्णालय बघेल. बाई रुग्णालयात गेल्या, वॉर्डात जाऊन त्या माणसांना बघून आल्या, तिथल्या प्रमुखांना भेटल्या. तिथे त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. परत आल्या तर त्यांचं टेबल पुस्तकांच्या गोदामात हलवलेलं होतं. तिथे जुनी मासिकं लावायचं काम होतं. काही महिने त्यांनी ते केलं, मग राजीनामा देऊन सांगलीला आल्या आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. पुन्हा कुठल्या संगणकाला हात लावला नाही.

मग कॅमेऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हा प्रोग्रॅम एकदाही चुकला नाही, असं संस्था सांगते, ते खोटं आहे. त्यानं सात माणसं भाजली. त्यांच्या घरच्यांना काय सांगितलं गेलं ते मला माहीत नाही. ते कुणीतरी शोधायला हवं."

उठताना त्यांनी मला विचारलं, हे ठेवाल ना. मी म्हणाले, मी संचालकांशी बोलते.

टिळेकरांशी मी खरंच बोलले. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं होतं ते चिडतील. उलट ते म्हणाले, किती प्रांजळ बाई, हे ठेवायलाच हवं, यानं संस्थेचा मोठेपणाच दिसेल. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच सांगलीला फोन लावला.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दारात गुलाबपाण्याचे फवारे चालू होते. पायऱ्यांवर संगणकाची रांगोळी काढली होती. प्रथम वर्षाच्या मुलींना नऊवारी नेसवून दोन रांगांत उभं केलं होतं, हातात तबकं देऊन. व्यासपीठावर जुन्या यंत्राचा एक गंजका भाग आणून त्याला झेंडूचा हार घातला होता. टिळेकरांचा हात कायम दमट असायचा. त्या हातानं त्यांनी बाईंचा हात धरून ठेवला आणि छायाचित्रकार पुढे येईपर्यंत सोडला नाही. स्वागत समितीतल्या दोन बायका माझ्या शेजारी कुजबुजत होत्या की बाई अविवाहित आहेत, तर यांची ओटी भरायची की नाही. शेवटी त्यांनी टिळेकरांनाच विचारलं आणि टिळेकर म्हणाले, भरा, फोटोत छान दिसतं.

बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालकानं त्यांची ओळख करून दिली ती 'संगणकक्षेत्राची माउली' अशी. मंत्री मोबाइलवर काही वाचत होते. मग दिवे मंद झाले आणि चित्रफीत सुरू झाली.

मी भिंतीशी उभी होते. केळुसकरांचं बालपण झालं, त्यांची सायकल झाली, पहिलं यंत्र आलं. मग किरणोपचारांचा भाग आला. पडद्यावर बाईंचा चेहरा दिसला, त्यांची ती इस्त्रीची साडी. बाई म्हणाल्या, "हा प्रोग्रॅम एकदाही चुकला नाही."

आणि सनई सुरू झाली. पडद्यावर केळुसकरांचा पुतळा आला, खालून वर सरकत, आणि सभागृहभर टाळ्या पडल्या.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, काही बिघाड झाला असेल, पुढचं येईल. पुढे परदेशी पाहुण्यांचे फोटो आले. मी चित्रफीत जोडणाऱ्या माणसाला अंधारात शोधून काढलं. तो म्हणाला, सरांनी शेजारी बसून करून घेतलं, वेळ फार होत होता म्हणे. त्या बाईंच्याच तोंडून, त्यांच्याच आवाजात, ज्या खोट्यापायी त्यांचं आयुष्य गेलं ते खोटं वदवून घेतलं होतं. आणि ते त्यांना पहिल्या रांगेत बसवून दाखवलं होतं.

दिवे लागले. सत्कारासाठी बाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, पायऱ्या चढल्या, मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं भाषण नव्हतं. त्या सरळ ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

"माझं वाक्य अर्धं दाखवलं आहे," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "पुढचं सांगते. हा प्रोग्रॅम एकदाही चुकला नाही असं संस्था सांगते, ते..."

टिळेकर हसत हसत पुढे आले. त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं ध्वनिक्षेपक स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "बाई फार भावुक झाल्या आहेत. आपण समजू शकतो." मग त्यांनी विंगेकडे मान हलवली.

राष्ट्रगीत सुरू झालं.

अजून दोन भाषणं व्हायची होती, आभार व्हायचे होते. तरीही राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. मंत्री उभे राहिले. बाई बोलायच्या थांबल्या. त्या ज्या काळात वाढल्या, त्यात राष्ट्रगीत चालू असताना बोलण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. नारळ खाली ठेवायलाही त्यांना वेळ मिळाला नव्हता. तो एका हातात धरून त्या ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी टिळेकर, तेही ताठ, डोळे मिटून. मी तो चेहरा बघत होते. त्यावर भक्तिभाव होता. ते नाटक होतं असंही मला वाटलं नाही. त्या क्षणी त्यांना खरंच काहीतरी पवित्र वाटत होतं, आणि मला त्याचीच जास्त शिसारी आली.

गीत संपताच मंत्र्यांना घेऊन टिळेकर बाहेर पडले आणि लोक जेवणाकडे वळले.

बाहेर मांडवात पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी होती. लोक ताटं घेऊन रांगेत उभे होते. कुणी म्हणत होतं, आजी काय गोड आहेत. कुणी म्हणत होतं, या वयात असं होतंच, शब्द फुटत नाही. माझ्याच विभागातली एक बाई श्रीखंडाची बोटं चाटत मला म्हणाली की वर्देबाईंना रडू आलं तेव्हा मलाही आलं. बाई रडल्याच नव्हत्या. मी हात धुवायच्या नळाशी गेले आणि तिथेच मला उलटी झाली.

बाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. शाल त्यांनी खुर्चीवरच सोडली होती, नारळही. मी समोर जाऊन उभी राहिले. मी सांगितलं की मला हे माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, माहीत असतं तर तू फोन केला नसतास.

मग त्या म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्यांचं मला आता काही वाटत नाही. इतकी वर्षं बघते आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांची मात्र किळस येते. त्यांना काही मिळत नसतं, तरी वाजवतात."

मी त्यांना सांगलीच्या गाडीत बसवून दिलं.

संध्याकाळी टिळेकरांनी मला बोलावलं. वर्तमानपत्रांना बातमी पाठवायची होती. त्यांनी मुद्दे सांगितले: मंत्र्यांचं भाषण, संस्थेची झेप, आणि वर्देबाई सत्काराला उत्तर देताना भावुक झाल्या. समोर पेढ्यांचा खोका होता. एक पेढा त्यांनी स्वतः घेतला, एक माझ्यापुढे धरला. मी नको म्हणाले. बोटाला लागलेलं त्यांनी रुमालाला पुसलं आणि म्हणाले, भावुक हा शब्द ठेव.

मी माझ्या जागेवर येऊन बातमी लिहिली. मंत्र्यांचं भाषण एका ओळीत. मग वर्देबाई सांगलीला जे बोलल्या ते सगळं लिहिलं, पडताळणी कुणी काढली, कशासाठी काढली, सात माणसं भाजली, आणि त्यांच्या घरच्यांना काय सांगितलं ते शोधायला हवं. व्यासपीठावर त्यांना कसं थांबवलं तेही लिहिलं. संस्थेच्या कागदावर, माझ्या सहीनं, सगळ्या वर्तमानपत्रांना ते पाठवलं.

मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यातलं काहीही छापलं नाही. त्यांनी मंत्र्यांचा फोटो छापला आणि खाली 'ज्येष्ठ संगणकतज्ज्ञ नलिनी वर्दे यांचा गौरव' एवढी ओळ. सातारच्या एका छोट्या दैनिकानं मात्र माझा मजकूर जसाच्या तसा, खालच्या माझ्या नाव-नंबरासकट छापला. त्यांना पान भरायचं होतं, बहुधा कुणी वाचलंही नव्हतं. मथळा होता, 'वर्देबाईंचा हृद्य सत्कार'.

टिळेकर ओरडले नाहीत. ते दुखावल्यासारखे बोलत होते. म्हणाले, आज इथे शेकडो मुली शिकतात, त्यातल्या कितीतरी घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या. उद्या संस्थेचं नाव खराब झालं तर त्यांचं काय. ती सात माणसं तशीही आजारीच होती. "जे गेले त्यांना उकरून कुणाचं भलं होणार आहे, ऋजुता? मला एक नाव सांग."

मला नाव सांगता आलं नाही. खुलाशाचं पत्र लिहून द्यायला मी नकार दिला आणि माझी नोकरी गेली.

त्यांना तेव्हा देता न आलेलं नाव मला काही दिवसांनी कळलं. फलटणहून एका माणसाचा फोन आला. दिलीप भोईटे. सातारच्या त्या दैनिकात भेळ बांधून आली होती आणि भेळ खाता खाता त्यांनी तो मजकूर वाचला होता. आवाजावरून चाळिशीतले वाटत होते. त्यांनी एवढंच विचारलं की त्या सात जणांत हिराबाई भोईटे होत्या का.

मी त्यांना घेऊन सांगलीला गेले. बाईंना मी फोनवर नाव सांगितलं नव्हतं. दिलीप खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी आईचं नाव घेतलं. बाई लगेच म्हणाल्या, "खिडकीजवळची खाट होती त्यांची. हिरव्या बांगड्या होत्या. पोटाला आणि पाठीला भाजलं होतं. मला विचारलं होतं त्यांनी, माझा मुलगा लहान आहे, मी बरी होईन ना."

दिलीपनी मान खाली घातली. मग सांगायला लागले. आई शेक घेऊन घरी आली तेव्हा अंगाची आग आग म्हणत होती. कातडी काळी पडून सोलायला लागली. ते तेव्हा पहिलीत होते. परत रुग्णालयात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, घरी काही लावलं का. तर लावलं होतं. सुभद्राकाकूनं, म्हणजे आईच्या धाकट्या जावेनं, हळद आणि लोणी लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालं. शेक घेतलेल्या कातडीला काही लावायचं नसतं, तुमच्याच घरच्यांनी बाई जाळली. आई महिन्याभरात गेली.

"काकू तेव्हा नवीच लग्न होऊन आलेली," दिलीप म्हणाले. "आजोबांनी तिला चाबकानं मारलं. चुलत्यानं दुसरी केली. तिला माहेरच्यांनी घेतली नाही, म्हणून गोठ्याच्या बाजूच्या खोलीत राहिली. आमच्या घरात तिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. मी पण कधी घेतलं नाही. माझ्या लग्नात ती मांडवाच्या कडेला उभी होती, तर मी माणूस पाठवून तिला आत जायला सांगितलं."

खाली मशिनं चालू होती. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सभागृहातही बघितलं नव्हतं. त्यांचे ओठ आत ओढले गेले, एखादी घाण वस्तू तोंडात गेल्यासारखे.

"असं सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आणि मी समजत होते, मी राजीनामा दिला, माझं काम झालं."

मग उठून त्यांनी पर्स घेतली आणि दिलीपना विचारलं, आत्ता निघालो तर उजेडात पोचू का.

भोईट्यांचं घर फलटणच्या बाहेर होतं, ओढ्यापलीकडे, नवं बांधलेलं, गच्चीवर पाण्याची काळी टाकी. त्याला लागून गोठा आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची खोली. सुभद्राकाकू दारात बसून शेंगा फोडत होत्या. बाईंपेक्षा वयानं लहान, पण दिसत थोरल्या होत्या. दिलीपना बघून त्या उठून बाजूला झाल्या, वाट द्यायला. ते त्यांच्याकडेच आले आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दिलीप खोलीच्या आत आले नाहीत. चौकटीशी उभे राहिले.

बाई खाली सारवलेल्या जमिनीवर बसल्या, काकूंच्या समोर. आपण कोण ते सांगितलं. मग शाळेत लहान मुलीला सांगावं तसं सगळं सांगितलं. शेक किती द्यायचा त्याचं गणित एक यंत्र करायचं. ते यंत्र चालवायचे कागद मी लिहिले होते. माझ्या साहेबांनी त्यात बदल केला आणि तो चुकला. हिराबाईंना जेवढा द्यायचा त्याच्या दुप्पट शेक दिला गेला. कातडी त्यानं जळली, आतून जळली. तुम्ही हळद-लोणी लावलंत त्याच्या आधीच ती जळलेली होती. तुमच्या लावण्यानं काहीही झालं नाही. डॉक्टरांना हे माहीत होतं आणि ते खोटं बोलले.

काकूंनी ऐकून घेतलं. हातातली शेंग तशीच होती. त्यांनी विचारलं, "तुमास्नी कवा कळालं हे?"

"तेव्हाच."

"तवाच," काकू म्हणाल्या. "आन सांगाया आज आलाव."

"हो," बाई म्हणाल्या. कारण दिलं नाही, माफीही मागितली नाही. मला वाटतं त्या वेळी माफी मागणं त्यांना घाणेरडं वाटलं असावं, पुन्हा काकूंकडून काहीतरी घेतल्यासारखं.

गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटलं. काकू रडतील असं मला वाटत होतं, किंवा शिव्या देतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "लई आग व्हती तिला. माझा हात धरून म्हनायची, सुभद्रे, काय तरी लाव. म्या लावलं तवा वाईच गार वाटलं आसंल का तिला?"

"वाटलं असणार," बाई म्हणाल्या. "नक्की वाटलं असणार."

काकूंनी मान हलवली. फोडलेल्या शेंगा त्यांनी सुपात सारल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कोपऱ्यातल्या चुलीशी गेल्या. पाणी ठेवलं, गूळ घातला, चहाची पूड घातली. आम्ही कुणी नको म्हणालो नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वर्देबाई गेल्या. संस्थेनं त्यांच्या नावानं एक सभागृह बांधलं आहे आणि दारातल्या फलकावर त्यांचं वाक्य कोरलं आहे, तेच, तेवढंच. उद्घाटनाची चित्रफीत मला कुणीतरी पाठवली होती. मी ती पूर्ण बघू शकले नाही. कुणी मला वर्देबाईंबद्दल विचारलं की मी त्या फलकाबद्दल बोलत नाही. मी फलटणची ती खोली सांगते.

चहा झाल्यावर काकूंनी तो ओतला. कप दोनच होते. एक त्यांनी बाईंना दिला, एक मला. दिलीप चौकटीत उभेच होते. त्यांनी हात किंचित पुढे केला होता. काकूंनी त्या हाताकडे बघितलं, मग पातेलं उचललं, उरलेला चहा स्वतःच्या वाटीत ओतला आणि आमच्यात येऊन बसल्या.